हर्बी की बीनॲनिमल? आधी पाईप मोजणं थांबवा

हर्बी आणि बीनॲनिमल या माशांच्या टाकीतून सांडणारं पाणी खालच्या छोट्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, आवाज न करता उतरवायच्या दोन पद्धती; तिथून पंप ते परत वर पाठवतो. त्यांच्या पाईपांसाठी टाकीच्या काचेला भोक पाडणं आता अनेकांना जमतं, म्हणून ते झटपट उरकतो. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेला ड्रिल लावू नका, क्षणात तिचा चुरा होतो. काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहा; टफन असेल तर गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. साधी काच असेल तर डायमंड होल सॉ (ड्रिलला लावायचं गोल भोक कापणारं पातं), हॅमर मोड बंद, स्पीड कमी, पाणी सतत चालू आणि हात हलका. भोक आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा. टँक कनेक्टर (भोकात बसवून पाईप जोडायचा तुकडा) आधी विकत आणा आणि त्याचे आटे मोजून मगच भोकाचं माप ठरवा. एक इंची कनेक्टर एक इंची भोकात जात नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ‘हर्बी म्हणजे दोन पाईप, बीनॲनिमल म्हणजे तीन पाईप, एक जास्तीचा सेफ्टीला.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राहवत नाही. ही व्याख्या डोक्यात ठेवून लोक तीन भोकं पाडतात, तीन पाईप लावतात आणि टाकी तरी घुरघुरतेच.

दोन्ही पद्धतींत मुख्य पाईप सारखाच. त्याचं तोंड ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (टाकीतून सांडणारं पाणी जमतं त्या कप्प्यात) पाण्याखाली, खाली व्हॉल्व्ह, आणि आत हवा अजिबात नाही. सायफन पूर्ण भरून वाहतो, म्हणून आवाज येत नाही. प्रश्न एवढाच की पंप वर जितकं पाणी फेकतो, तंतोतंत तितकंच खाली जायला हवं. हा हिशोब रोज कोण जुळवतं, इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

हर्बीत तो तुम्ही जुळवता, व्हॉल्व्ह फिरवून. दुसरा पाईप उंचावर कोरडा उभा असतो. आता आकडे पाहा. बॉक्समधलं पाणी आणि सम्पमधलं पाणी यांच्या पातळीत 90 सेंमी अंतर आहे असं धरा. सायफनचा प्रवाह साधारण या अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे पंपाचा प्रवाह 5 टक्क्यांनी वाढला, तर तेवढं पाणी खाली न्यायला बॉक्समधली पातळी सुमारे 9 सेंमी वर चढावी लागते. 5 टक्क्यांनी घटला तर जवळपास तितकीच खाली उतरते, पाईपचं तोंड उघडं पडतं आणि हवा ओढली जाऊन घुर्रर्र सुरू होतं. आणि 5 टक्के म्हणजे किती? पंपाचा स्पंज आठवडाभर धुतला नाही, एप्रिलात सम्पमधलं पाणी उडून रिटर्नच्या, म्हणजे पंपाच्या, कप्प्यात पातळी उतरली, एवढ्यानेही तेवढा फरक पडू शकतो.

बीनॲनिमलमध्ये हा हिशोब मधला पाईप जुळवतो. मुख्य सायफनचा व्हॉल्व्ह मुद्दाम किंचित आवळून ठेवायचा, म्हणजे थोडं पाणी कायम उरतं आणि ते मधल्या पाईपातून भिंतीला चिकटून, मधे हवा ठेवून, निवांत खाली उतरतं. प्रवाह वाढला तर या पाईपात पाण्याचा थर जरा जाड होतो, घटला तर पातळ. बॉक्समधली पातळी मात्र जेमतेम काही मिलिमीटर हलते. तुम्ही व्हॉल्व्हला हात लावत नाही.

या मधल्या पाईपच्या टोपीत हवेची एक बारीक नळी असते, आणि लोक नेमकी तीच गाळतात. तिचं मोकळं तोंड बॉक्समध्ये रोजच्या पातळीच्या किंचित वर ठेवायचं. मुख्य पाईप तुंबला की पाणी चढतं, नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि मधला पाईप स्वतःच पूर्ण सायफन होऊन सगळं पाणी ओढतो. तिसरा पाईप त्याच्याही वर, कोरडा. नळी नसेल तर मधला पाईप कधी हवा गिळतो, कधी सायफन धरतो, आणि रात्रभर झोपू देत नाही.

हर्बीच्या कोरड्या पाईपात थोडी धार सोडून ‘झालं बीनॲनिमल’ म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. धार सोडली की पातळी स्थिर होते हे खरं, पण राखीव म्हणून ठेवलेला पाईप रोजच्या कामाला लागला. माझ्या चार फुटी टाकीत असंच होतं. एका रात्री व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचं लांब पान मुख्य व्हॉल्व्हमध्ये अडकलं. दुसऱ्या पाईपच्या तोंडाशी, वाहत्या पाण्याच्या ओढीने, आधीच गोगलगायी आणि शेवाळ जमलं होतं. सकाळी हॉलमधल्या सतरंजीवर पाय ठेवला तर पाणी बोटांवर आलं.

व्हॉल्व्ह फक्त मुख्य पाईपला. आणि बॉल व्हॉल्व्ह नको, गेट व्हॉल्व्ह लावा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघडतो नि मिटतो, त्यात बारीक जुळणी जमत नाही. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की बहुधा पितळी पुढे करतात. तो घेऊ नका, पितळेत तांबं असतं आणि कोळंबी-प्रवाळांना ते सोसत नाही. पीव्हीसीचा शोधा, चार दुकानं फिरावं लागलं तरी फिरा.

मुख्य पाईपचं खालचं टोक सम्पमध्ये पाण्याखाली दोन-तीन सेंमीच असू द्या. जास्त खोल गेलं की वीज जाऊन आल्यावर आत अडकलेली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरायला वेळ लागतो. कोरड्या पाईपचं टोक मात्र पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे तो वाहू लागला की धबधब्यासारखा आवाज होऊन तुम्हाला कळेल.

दोनच भोकं पाडलेली टाकी आयती मिळाली असेल तर हर्बी करा, दुसरा पाईप खरोखर कोरडा ठेवा आणि पंपाचा स्पंज ठरलेल्या वारी धुवा. नवी टाकी बनवून घेत असाल तर तीन भोकं. मासे सोडण्याआधी मेन स्विच पाच वेळा बंद-चालू करा, आणि दर वेळी घड्याळ लावून पाहा की आवाज किती वेळात थांबतो. माझ्याकडे दीड मिनिट लागतं.