पॅचवर पॅच

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीची रात्रपाळी चालू असते, तिकडे निपाणीच्या पतसंस्थेत पिग्मीचा हिशेब संध्याकाळी उतरतो. असल्या ठिकाणी 'सर्व्हर जरा रीबूट करतो' म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. पण कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सुरक्षेची फट सापडली तर ती बुजवायला तर हवीच. म्हणून लाइव्ह पॅच: मशीन चालू असतानाच सदोष फंक्शनऐवजी (फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) नवं फंक्शन वापरात आणायचं. 2015 साली लिनक्स 4.0 मध्ये ही सोय मूळ कर्नेलात आली.

युक्ती तशी साधी आहे. नेहमीच्या 64-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर फंक्शनच्या तोंडाशीच पाच बाइट रिकामे राखलेले असतात. पॅच लागला की तिथे एक कॉल बसतो आणि काम नव्या फंक्शनकडे वळतं. जुना कोड जागच्या जागी पडून राहतो.

डोकेदुखी सुरू होते ती दुसऱ्या पॅचपासून. समजा, पहिल्या पॅचने एका यादीला हात लावण्याआधी लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्यायची व्यवस्था केली. दुसरा पॅच लिहिणाऱ्याने 'लॉक घेतलेलं आहेच' असं धरून पुढचं फंक्शन बदललं. आता पहिला काढला, तर दुसरा लॉकशिवायच यादीत घुसणार. शेताच्या उताऱ्यावर असंच होतं. आजोबांमागे वारसा लागला, भावांची वाटणी झाली, मग एकाने आपला हिस्सा विकला. वाटणीची नोंदच रद्द झाली तर विक्रीची नोंद कशावर उभी राहणार?

सुरुवातीला लिनक्सने चळतीचा नियम ठेवला: शेवटी लावलेला पॅच आधी काढायचा. एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारा झेन हायपरव्हायझर त्याहून कडक. तिथे प्रत्येक पॅचमध्ये 'मी कोणत्या बिल्डवर (कोडच्या नेमक्या कोणत्या तयार प्रतीवर) बसणार' याची ओळखखूण असते. ती जुळली नाही तर पॅच लागत नाही.

लिनक्सने मात्र 2019 मध्ये, 5.1 आवृत्तीत, वेगळी वाट धरली. नवा पॅच आधीच्या सगळ्या दुरुस्त्या पोटात घेऊन येतो आणि जुन्यांना एका झटक्यात बाजूला सारतो. चळतीची सक्तीही तेव्हाच गेली. एकमेकांशी संबंध नसलेले पॅच सुटे लावा, काढा. संबंध असेल तर एकच एकत्रित पॅच करा. मला हे शहाणपणाचं वाटतं. कोण कोणावर टेकलंय हे महिनोन्महिने लक्षात ठेवणं माणसाला झेपत नाही.

तरी एक काटा राहतोच. काही पॅच कोडबरोबर चालू डेटाही बदलतात. बदली होताना फक्त नव्या पॅचचे कॉलबॅक (पॅच लावताना-काढताना आपोआप चालणारा कोड) चालतात, जुन्याचे नाहीत. म्हणजे जुन्याने केलेला बदल निस्तरायचा तो नव्यानेच. त्यासाठी 5.5 पासून अशा बदलांना क्रमांक आणि आवृत्ती देता येते. आधीचा बदल पेलण्याची तयारी नव्या पॅचमध्ये नसेल, तर कर्नेल त्याला दारातच अडवतो.

पॅच लावल्यावर त्याची स्थिती दाखवणाऱ्या 'ट्रान्झिशन' फाइलीत 1 दिसत राहिला, तर एखादी प्रोसेस अजून जुन्याच फंक्शनात अडकलेली असते. ती सुटेपर्यंत पुढचा पॅच लागत नाही.