शहर सेफ आहे का विचारण्यापेक्षा कुठला चौक आणि किती वाजता ते विचारा

मुलीला बाहेरगावी ॲडमिशन मिळाली की घरात पहिला प्रश्न ठरलेला, ते शहर सेफ आहे ना? भाचीच्या वेळी मीपण हेच विचारलं होतं. पण या विषयावर जसजसं वाचत गेलो तसं लक्षात आलं की शहर हे माप इथे फारच मोठं पडतं. गुन्हे शहरभर सारखे पसरलेले नसतात, ते ठराविक जागी साचलेले असतात, आणि किती साचलेले असतात ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली.

अमेरिकेतलं मिनियापोलिस घ्या. ऐंशीच्या दशकात साधारण साडेतीन-पावणेचार लाख वस्ती, म्हणजे आपल्या नगरच्या आसपासचं शहर. गुन्ह्यांचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे डिसेंबर १९८५ ते डिसेंबर १९८६ या एका वर्षात पोलिसांना आलेले सगळे कॉल घेतले, ३,२३,९७९ कॉल, आणि प्रत्येक कॉल नेमका कुठल्या पत्त्यावरचा किंवा कुठल्या चौकातला हे बसून जुळवलं. शहरात अशा जागा होत्या सुमारे १ लाख १५ हजार. त्यातल्या फक्त ३.३ टक्के जागांवरून निम्मे कॉल आलेले! लुटमारीचे तर वर्षभरातले सगळेच्या सगळे कॉल २.२ टक्के जागांवरचे होते. म्हणजे ज्या भागाला लोक सरसकट बदनाम म्हणतात तिथेसुद्धा बरेच पत्ते वर्षभर शांत असतात, आणि चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या एरियात एखादाच कोपरा सगळ्यांना ताप देत असतो. पुढे डेव्हिड वाइसबर्ड या अभ्यासकांनी अमेरिकेतल्याच सिएटल शहरात १४ वर्षांची नोंद रस्त्याच्या एकेका तुकड्यानुसार तपासली तर तिथेही तेच, ४-५ टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे, आणि तेही वर्षानुवर्षं बहुतेक त्याच तुकड्यांवर.

असं का होतं? १९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन या दोन अभ्यासकांनी याचं फार साधं उत्तर दिलं. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी यायला लागतात, करायला तयार असलेला माणूस, नेण्यासारखी वस्तू किंवा गाठण्यासारखी व्यक्ती, आणि लक्ष ठेवणारं कुणी नसणं. यातली एक जरी काढली तरी गुन्हा होत नाही. त्यामुळे एकच जागा सकाळी दहाला बिनधोक आणि रात्री अकराला धोक्याची असू शकते, शटर खाली आलेली असतात, रिक्षा स्टँड रिकामा झालेला असतो, एवढाच फरक. मे महिन्यात लोक गावी जातात आणि घरफोड्यांची भीती वाढते त्याचंही कारण हेच, लक्ष ठेवणारं माणूसच घरात नाही.

आता सिक्युरिटी प्लॅनिंगच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट. एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याचा धोका पुढचे काही आठवडे वाढलेला असतो, आणि आजूबाजूच्या घरांचाही. चोराला लॅच कसलं ते कळलेलं असतं, मागची गल्ली माहीत झालेली असते, शेजारच्या घराची रचना तीच असते. इंग्लंडमध्ये रोचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची २,२८० घरांची वसाहत आहे, तिथे ऐंशीच्या दशकात घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. अभ्यासकांनी पाहिलं तर जवळपास निम्म्या घरफोड्यांत गॅस आणि विजेच्या नाणी टाकायच्या मीटरमधले पैसे गेलेले. मग ते मीटर बदलले, आणि ज्याच्याकडे चोरी झाली त्याच्या शेजारच्या पाच-सहा घरांनी मिळून त्या घरावर नजर ठेवायची असं ठरलं. अख्ख्या वसाहतीत गस्त नाही, फक्त ज्याच्याकडे झालं त्याच्याभोवती. तीन वर्षांत घरफोड्या ७५ टक्क्यांनी खाली आल्या. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात महागडं असं काहीच नाही.

एका घरफोडीमागून दुसरी येण्याचं हे गणित भूकंपानंतरच्या छोट्या धक्क्यांसारखंच चालतं. तेच सूत्र वापरून २०११ पासून कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ या जेमतेम ६० हजारांच्या गावात पोलीस रोज कॉम्प्युटरने नकाशावर दाखवलेल्या चौकोनांत गस्त घालायला लागले. आणि त्याच सांताक्रूझने २०२० मध्ये या पद्धतीवर बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. भूकंपाची नोंद यंत्र करतं, गुन्ह्याची नोंद माणसं करतात, अडचण इथे आहे. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड शहराबद्दल २०१६ च्या एका अभ्यासात हेच सूत्र ड्रग्जच्या पोलीस नोंदींवर चालवून बघितलं तर ते कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांकडे गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोट दाखवत होतं, जेव्हा की ड्रग्ज घेण्याचं प्रमाण शहरभर साधारण सारखंच होतं. पोलीस जिथे आधी जास्त गेले तिथे जास्त नोंदी, मग कॉम्प्युटर म्हणणार पुन्हा तिथेच जा.

आपल्याकडे तर याहून सांभाळून वाचायला हवं. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्र सरकारची संस्था, एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतं, आणि नोंद वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं नव्हे हे ते स्वतःच सांगतं. केरळचा गुन्ह्यांचा दर कायम वर दिसतो त्यात तिथे तक्रार लिहून घेतली जाते याचा मोठा वाटा आहे. दुसरं म्हणजे दर काढताना गुन्ह्यांचा आकडा भागायचा कशाने? दर लाख लोकसंख्येमागे म्हणतो आपण, पण एसटी स्टँडवर राहतं कोण! तिथे पाकीटमारी मोजायची तर दिवसभरात किती माणसं ये-जा करतात ते धरायला पाहिजे, नाशिकला कुंभाच्या वेळी तर शहराची जनगणनेतली लोकसंख्या काहीच सांगत नाही.

आणि कॅमेरे. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१९ मध्ये आला, सीसीटीव्ही असलेल्या भागात गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी, सगळ्यात जास्त फायदा पार्किंगच्या जागी, हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम नाही. उलट न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींत नुसते जास्त प्रकाशाचे दिवे लावले तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांच्या आसपास घटले. पोलिसांच्या गस्तीचंही तसंच, मिनियापोलिसच्याच नोंदींवरून असं दिसलं की धोक्याच्या जागी १०-१५ मिनिटं थांबून पुढे जायचं आणि परत यायचं, तासन्‌तास तिथेच उभं राहिल्याने फायदा वाढत जात नाही.

मागच्या मे मध्ये आमच्या गल्लीत एक फ्लॅट फुटला. मीटिंगमध्ये सगळे सोळा कॅमेऱ्यांचं कोटेशन बघत होते, मी कर्कहोल्टचं सांगितलं. कॅमेऱ्यांचं पुढच्या मीटिंगवर गेलं आणि त्याच रात्री त्या बिल्डिंगमधली आणि बाजूच्या दोन बिल्डिंगमधली बंद घरं कुठली, किल्ली आणि फोन नंबर कुणाकडे, याची एक पानी यादी करून वॉचमनकाकांकडे दिली आणि जिन्यातला कधीचा गेलेला बल्ब बदलला.