खालच्या ट्यूनिंगसाठी पिच पेडल घेताना

आमच्या काउंटरवर हा प्रश्न दोन प्रकारची माणसं घेऊन येतात. मेटल वाजवणारी कॉलेजातली मुलं विचारतात, "ड्रॉप सी (सर्वांत जाड तार सी पर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग) वाजवायचंय, कोणतं पेडल घेऊ?" आणि सुगम संगीताच्या कार्यक्रमांत साथ करणारे सांगतात, "गायकाचा गळा बसलेला असतो, ऐन वेळी अर्धा सूर खाली मागतात आणि माझी पंचाईत होते." दोघांनाही हवं ते एकच. हात आहेत तिथेच राहावेत, सूर तेवढा खाली यावा.

पेटीवाल्यांकडे यासाठी स्केल चेंजर आहे. पट्ट्या सरकवल्या की बोटं तीच राहतात आणि सूर बदलतो. गिटारला वर जायला कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, आहे, खाली जायला नाही. पिच पेडल म्हणजे हा उलटा कॅपो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर साध्या ट्यूनिंगमधली सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार पांढरी तीनला, म्हणजे ई ला, बोलते. पेडल एक सेमिटोन, म्हणजे अर्धा सूर, खाली केलं की ती काळी दोनला येते, दोन केलं की पांढरी दोन, तीन केलं की काळी एक आणि चार केलं की पांढरी एक, म्हणजे सी.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण त्यापायी लोक चुकीच्या अपेक्षेनं पेडल घेतात. पेडल सगळ्या तारा सारख्याच खाली नेतं. ड्रॉप डी मध्ये फक्त सहावी तार ई वरून डी ला उतरवायची असते, ते काम पेडलचं नाही, खुंटीचं आहे. ड्रॉप सी हवं असेल तर सहावी तार हातानं डी ला आणा आणि मग पेडल दोन सेमिटोन खाली ठेवा.

पेडल खरंच लागणार आहे का?

तुमचा बँड कायम सी मध्येच वाजवत असेल, तर आमचं प्रामाणिक मत आहे की पेडल घेऊ नका, गिटारचं सेटअप करून घ्या. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दोन सेमिटोन उतरलात की ताण सुमारे २१ टक्के घटतो, चार उतरलात की सुमारे ३७ टक्के. मग १०-४६ जाडीच्या तारांचा सेट लुळा पडतो, जोरात मारलं की सूर आधी वर चढतो आणि मग खाली बसतो. ११-५४ किंवा १२-६० चा सेट लावून, नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा रुंद करून, ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (मानेवर वरपर्यंत सूर बरोबर येणं) जुळवून घेतलं की त्या गिटारला जो भरदार आवाज येतो, तो कोणतंही पेडल देत नाही.

पण एकाच कार्यक्रमात तीन ट्यूनिंग लागत असतील आणि गिटार एकच असेल, तर पेडल. गिटारवर फ्लॉइड रोजसारखा तरंगता, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला, ब्रिज असेल तर नक्कीच पेडल. त्या ब्रिजवर एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात. दोन गाण्यांच्या मध्ये ते जुळवणं शक्य नाही.

ऐकायचं काय?

सहावी तार मोकळी सोडली की सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका फेरीला १२ मिलिसेकंद. सूर ओळखून खाली न्यायचा तर पेडलला ती लाट थोडी तरी पाहावी लागते, म्हणून थोडा उशीर होणारच. १० मिलिसेकंद उशीर म्हणजे अँपपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. संथ गाण्यात ते जाणवत नाही. पाम म्यूट करून (तळहाताच्या कडेनं तारा दाबून) जलद रिफ वाजवलात की बोटांना लगेच कळतं.

दुकानात आलात की डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारं पेडल) बंद ठेवा. पेडल दोनवर ठेवून मोकळा जी कॉर्ड वाजवा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. खालच्या तारांचा सूर सरळ विरतो की त्यात लाटा येतात, ते ऐका. मग तोच कॉर्ड पाचवर, मग सातवर. एक-दोन सेमिटोनला चांगलं पेडल जवळजवळ लपून जातं. चारच्या पुढे प्लेक्ट्रमचा ठोका मऊ पडतो आणि आवाजाला प्लास्टिकसारखी झाक येऊ लागते. डिस्टॉर्शनमध्ये हे बरंचसं झाकलं जातं, म्हणूनच आधी साध्या आवाजात ऐकायचं.

पेडल पॉलिफोनिक हवं, म्हणजे एका वेळी अनेक तारांचे सूर सांभाळणारं. जुनी मोनोफोनिक पेडल्स एकेका सुरालाच नीट चालतात, कॉर्डवर गडबडतात. डिजिटेकचं ड्रॉप याच एका कामासाठी बनलंय: एक ते सात सेमिटोन आणि एक सप्तक खाली, बस. साथ करणाऱ्यांना आम्ही पहिल्यांदा तेच दाखवतो, अंधाऱ्या स्टेजवर एकच खटका फिरवायचा असतो. वर-खाली दोन्ही जायचं असेल तर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पिच फोर्क किंवा बॉसचं एक्सएस-१ पाहा. पायानं सूर ओढायची हौसही असेल तर डिजिटेकचंच व्हॅमी डीटी, मात्र ते पेडलबोर्डवर बरीच जागा खातं. तुमच्याकडे एचएक्स स्टॉम्प हे मल्टी-इफेक्ट्स पेडल असेल तर त्यात हेच काम करणारा पॉली कॅपो आहे. तो आधी वापरून बघा, कदाचित खर्चच वाचेल.

जोडणी

गिटार, ट्यूनर, पिच पेडल, मग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. डिस्टॉर्शन आधी आलं तर त्यातून निघालेल्या असंख्य उपसुरांत पेडल गोंधळतं. ट्यूनर पुढेच हवा, कारण गिटार बेसूर असेल तर पेडल तो बेसूरपणाही इमानदारीनं खाली नेतं. पेडल दोनवर असेल तर ट्यूनर ई दाखवेल आणि कानाला डी येईल, घाबरू नका.

९ व्होल्टचा अॅडॉप्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीत सहज मिळतो, पण घेताना प्लगच्या मधला आतला भाग निगेटिव्ह आहे ना, हे बघाच, आणि पेडलवर लिहिलेले मिलिअँपिअर त्यातून मिळतात का तेही. ही डिजिटल पेडल्स साध्या ओव्हरड्राइव्हपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतात. एकाच वायरवर सगळी पेडल्स लटकवली की किणकिण ऐकू येते. आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) असेल तर हा त्रास होत नाही.

एक गिऱ्हाईक पेडल घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी परत आले. "कॉर्ड बेसूर येतायत, पेडल खराब आहे." आम्ही इथे लावलं तर उत्तम चाललं. विचारल्यावर कळलं, रात्री घरचे झोपल्यावर ते अँप अगदी बारीक ठेवून वाजवत होते. तारांचा मूळ आवाज ई मध्ये आणि अँपचा त्याच्या अर्धा सूर खाली, दोन्ही एकदम कानावर पडत होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत, हा त्रास तिथेच संपतो.

येताना स्वतःची गिटार आणि नेहमीचं डिस्टॉर्शन पेडल घेऊन या, तारा जुन्या झाल्या असतील तर नव्या लावून. दुकानाच्या गिटारवर ऐकून घेतलेला निर्णय घरी गेल्यावर फसतो. सकाळी गर्दी नसते, तेव्हा तासभर शांतपणे वाजवून बघता येईल.