वॅट जास्त, म्हणून वॉकी-टॉकी चांगला?

नाशिकमध्ये गोदाकाठच्या उत्सवांतील स्वयंसेवक, द्राक्षबागायतदार आणि डोंगर भटकणारी मंडळी स्वस्त वॉकी-टॉकी घेताना आधी वॅट, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती, आणि खोक्यावरील किलोमीटर पाहतात. वॅट जास्त तितका संच चांगला, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. अडथळा नसतानाही अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. शिवाय या संचांचे रेडिओ तरंग बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने अंजनेरीच्या माथ्यावरून अर्ध्या वॅटचा संच जिथवर पोहोचतो, तिथवर पंचवटीच्या दाट वस्तीतून ५ वॅटचा संच सहसा पोहोचत नाही.

खरी गुणवत्ता रिसीव्हरमध्ये, म्हणजे संकेत पकडणाऱ्या भागात असते. स्वस्त संचांत बरेचदा सगळे काम एकाच चिपवर सोपवलेले असते आणि तिच्यापुढे नको ते संकेत अडवणारा फिल्टर जेमतेम असतो. त्यामुळे जवळ एखादा शक्तिशाली ट्रान्समीटर असला, की दूरचा क्षीण संकेत दबून जातो. प्रत्येक दुकानदार हे सांगेलच असे नाही, पण याची चाचणी सोपी आहे: शेजारी दुसरा संच वेगळ्या चॅनेलवर बोलता ठेवावा आणि दूरच्या जोडीदाराचा आवाज तुटतो का, ते ऐकावे.

प्रक्षेपणाची शुद्धता, म्हणजे संच ठरलेल्या वारंवारतेबाहेर किती कमी गळती करतो, हे मात्र उपकरणांशिवाय मोजता येत नाही. १४५ मेगाहर्ट्झवर बोलताना तिच्या दुपटीवर आणि तिपटीवर, म्हणजे २९० आणि ४३५ मेगाहर्ट्झवर गळती होत असेल, तर जास्त वॅटमुळे इतरांना होणारा उपद्रवच वाढतो.

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील, ठरवून दिलेल्या कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच विनापरवाना वापरता येतात. ५ वॅटचा संच त्यात बसत नाही.