मोहोर, थंडी आणि पाच दिवसांचा अंदाज : पार्श्वभूमी

गव्हाच्या उत्तरेकडील पट्ट्यात दहिवर गोठून पिकाचे नुकसान होते. कोकण किनाऱ्यावर तो प्रश्न नाही. येथील आंबा बागायतदाराला अल्प मुदतीच्या अंदाजातून मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात: रात्रीचा पारा किती उतरेल आणि मोहोरावर पाऊस पडेल का. थंडीने मोहोर फुटतो, पण ती लांबली तर फळधारणा झालेल्या फांद्यांवरच पुनर्मोहर येऊन आधीची लहान फळे गळतात. ढगाळ हवेत तुडतुडे ही रस शोषणारी कीड वाढते, आणि अवकाळी पावसात करपा हा बुरशीजन्य रोग पसरून महागडी फवारणीही धुऊन जाते.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची असली, तरी शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानवृत्त १९४५ मध्ये सुरू झाले. कृषी-हवामान विभागांनुसार सल्ला १९९१ पासून, तर जिल्हावार सल्ला २००८ पासून मिळू लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या, पुढील पाच दिवसांच्या अंदाजासह सल्ला देणाऱ्या पत्रकांची सवय बागायतदारांना तेव्हाच जडली. किनारी केंद्रांवर किमान तापमान १० अंशांपर्यंत क्वचितच उतरत असल्याने तेथे १५ अंश किंवा त्याहून कमी तापमान, आणि तेही सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली, असा थंडीच्या लाटेचा वेगळा निकष ठरवला गेला. मोहोराला मात्र इतकी टोकाची थंडी लागत नाही, त्यामुळे इशारा नसलेली रात्रही बागेसाठी महत्त्वाची असू शकते.

खरा वाद अलीकडचा आहे. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी-हवामान कक्ष उभे राहिले आणि सल्ला तालुक्यापर्यंत पोहोचला; देशभरातील असे १९९ कक्ष २०२४ च्या मार्चअखेर बंद करण्याचा आदेश निघाला. आकडे आपोआप जमा होतात, तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र माणसे कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद होता. तो हिशेबाला सोपा असला, तरी कोकणाला लागू पडणारा नव्हे. एकाच तालुक्यात खाडीकाठ, कातळाचा सडा (उघडे खडकाळ पठार) आणि सह्याद्रीचा पायथा असतो, मोहोराची अवस्थाही जागोजागी वेगळी असते. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, हे ठरवण्यासाठी अंदाजाइतकीच बागेची माहिती लागते, आणि ती यंत्र कळवत नाही.

हवामानावर आधारित फळपीक विम्यातही असाच तिढा आहे: नुकसानीचा निर्णय महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर होतो, त्यामुळे बागेत पडलेली सर केंद्रावर न पडल्यास भरपाईसाठी ती धरलीच जात नाही.