दूषणनामे, राजकीय (मराठवाडा)

दूषणनामे, राजकीय (मराठवाडा) : सभा, प्रचार, वर्तमानपत्री वाद आणि सभागृहातील चर्चा यांत प्रतिपक्षाला हिणवण्यासाठी लावलेली नावे. नावाची मोडतोड, व्यंगावरून टोमणा, प्राण्याची उपमा हे प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र सारखेच असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही. मराठवाड्यातील टिकाऊ दूषणे मुख्यतः हैदराबाद संस्थानाच्या इतिहासातून आली आहेत. संस्थान १९४८ मध्ये संपले, ही नावे मात्र प्रचारात चालू राहिली.

यांतले सर्वांत जुने ‘मोगलाई’ हे मुळात दूषण नव्हते. निजामुल्मुल्क हा मोगलांचा दख्खनचा सुभेदार. साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर (१७२४) तो जवळजवळ स्वतंत्र झाला, तरी पेशवेकालीन मराठी कागदपत्रांत त्याची फौज ‘मोगल’ आणि त्याचा मुलूख ‘मोगलाई’ असाच येतो. शब्दाला अंदाधुंदीचा अर्थ केव्हा चिकटला हे नेमके ठरवणे कठीण आहे. मक्त्याने होणारी महसूलवसुली आणि अरब-रोहिल्यांच्या पगारी तुकड्यांचा जाच यांच्याशी तो सामान्यतः जोडला जातो. तसे असेल, तर सालारजंग पहिला याच्या दिवाणगिरीतील (१८५३ पासून) सुधारणांपूर्वीच तो रूढ झाला असावा. ‘ही काय मोगलाई लागून गेली काय?’ हा प्रश्न आज पुण्या-मुंबईचे पुढारीही विचारतात. मराठवाड्याच्या माणसाला त्यात आपल्या मुलखाचे नाव ऐकू येते, याची बोलणाऱ्याला सहसा कल्पना नसते.

‘गैरमुलकी’ हे दूषण मात्र दरबारी भाषेतून आले. संस्थानातील नोकऱ्या मुलकी म्हणजे स्थानिक रहिवाशांसाठी राखण्याचे नियम निजामी अमदानीत झाले होते. पोलीस ॲक्शननंतर (संस्थान ताब्यात घेणारी भारत सरकारची १९४८ ची लष्करी कारवाई) मुंबई, मद्रास आदी प्रांतांतून अधिकारी आले, तेव्हा या शब्दाला धार चढली आणि १९५२ मध्ये हैदराबाद शहरात मोठे आंदोलन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेल्यावर तो येथे मागे पडला.

रझाकार : या प्रदेशातील सर्वांत जहरी आणि सर्वांत जास्त वापरले गेलेले नाव. मूळ शब्द फार्सी-उर्दूतला, साधा ‘स्वयंसेवक’ या अर्थाचा. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ मधली. तिच्या स्वयंसेवक दलाची स्थापना काही लेखक १९३८ च्या सुमारास, तर काही १९४० मध्ये धरतात, आणि दोन्ही मतांत तिचे श्रेय बहादूर यार जंग यांच्याकडे जाते. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा वाद दुय्यम मानावा लागतो. बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले, आणि लोकांना जी दहशत आठवते ती त्यानंतरची आहे. लातूरला वकिली करणारे कासिम रझवी १९४६ च्या सुमारास मजलिसचे अध्यक्ष झाले व दलाला निमलष्करी रूप आले. म्हणून शिवी या नात्याने शब्दाचा आरंभ १९४६-४७ च्या अलीकडे-पलीकडे धरणे अधिक सयुक्तिक. नांदेड जिल्ह्यातील अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ रोजी झालेली मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या या दहशतीची पहिली मोठी खूण मानली जाते. रझाकारांची संख्या काही हजारांपासून दोन लाखांपर्यंत सांगतात. वरचा आकडा प्रचारकी वाटतो.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस ॲक्शनने दल संपले. रझवींना शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि तेथेच १९७० मध्ये वारले. नावाचा प्रवास मात्र याच टप्प्यावर बदलला. तोवर ‘रझाकार’ म्हणजे वर्दी घातलेला, दलात भरती झालेला माणूस. ॲक्शननंतरच्या सूडसत्रात गावातला कोणताही मुसलमान रझाकार ठरू शकत होता. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा करून उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बीदर हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवले व मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. हा आकडा सर्वमान्य नाही आणि अहवालही दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. सदस्यत्वाचे नाव समाजाचे नाव झाले ते या काही आठवड्यांत, असे म्हणण्यास आधार आहे. रझाकारांवर टीका करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली होती, हे अशा वेळी सोयीने विसरले जाते.

पुढे शब्दाचे दोन वापर झाले. एक घरगुती : ‘रझाकारी’ म्हणजे जुलूम. वीजबिलाची सक्तीची वसुली असो की लाठीमार, ‘ही कसली रझाकारी?’ असे कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता म्हणतो आणि त्यात धर्माचा संबंध नसतो. दुसरा वापर थेट पक्षीय. मजलिस (आजची एमआयएम) १९५८ मध्ये अब्दुल वाहेद ओवेसी यांनी पुन्हा उभी केली. २०१२ मध्ये नांदेड महापालिकेत आणि २०१४ मध्ये औरंगाबाद मध्य मतदारसंघात तिला यश मिळाल्यावर हे दूषण प्रचारात परतले. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभाजवळ ध्वजवंदन होते. तेथे कोण आले, कोण आले नाही, यावरून हा शब्द ठरल्यासारखा वर येतो. मजलिसचे उत्तरही ठरलेले असते : रझाकार होते ते पाकिस्तानात गेले, आम्ही येथे राहिलो. २०२४ च्या विधानसभा प्रचारात काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांच्या कुटुंबावर बीदर भागात झालेल्या रझाकारी अत्याचाराचा उल्लेख भाजपच्या व्यासपीठावरून झाला. त्यावर, दोष रझाकारांचा, समाजाचा नव्हे, असे खर्ग्यांच्या मुलाने सुनावले. आधी पाहिलेला भेद इतक्या स्पष्ट शब्दांत प्रचारात क्वचितच मांडला गेला आहे.

शिवसेनेच्या १९८८ च्या औरंगाबाद महापालिका प्रचाराने या शब्दसंग्रहात भर घातली. ‘खान हवा की बाण हवा’ ही घोषणा अजून निवडणुकीगणिक ऐकू येते. ती तशी कोणाला नाव ठेवत नाही. ‘खान’ एवढे आडनावच दूषण म्हणून पुरेसे धरलेले आहे. ‘औरंग्या’, ‘औरंगजेबाची औलाद’, ‘निजामाची पिलावळ’ ही तिची भावंडे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या वादात (ठराव २७ जुलै १९७८, नामविस्तार १४ जानेवारी १९९४) मात्र हल्ला इतिहासाच्या नावाने झाला नाही, थेट दलितांच्या दारिद्र्यावर झाला. ‘घरात नाही पीठ, कशाला हवे विद्यापीठ’ हे वाक्य बाळासाहेब ठाकरे यांचे म्हणून सांगितले जाते.

एकेरी उल्लेखाबाबत एक सावधगिरी हवी. जालना, बीड, परभणीकडच्या बोलीत आईला, वडीलधाऱ्यालाही सहज ‘तू’ म्हणतात. ‘कुठं चाल्लास, आबा?’ यात अपमान नसतो. त्यामुळे अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर (२०२३) मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या सभांतून मंत्र्यांना झालेल्या ‘अरे-तुरे’कडे मुंबईच्या वृत्तवाहिन्यांनी जितके शिवी म्हणून पाहिले, तितके ते नेहमी नव्हते. नावापुढे ‘-या’ लागला, की मात्र बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका उरत नाही.

कायदा : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ खाली उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटे विधान आणि धर्म, जात यांच्या आधारे द्वेष पसरवणे हे भ्रष्ट आचरण ठरते. असा द्वेष पसरवणे कलम १२५ खाली गुन्हाही आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीच्या जातिवाचक अपमानाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. आचारसंहितेनुसार टीका धोरणे, कार्यक्रम, पूर्वकामगिरी आणि काम यांपुरती असावी. ‘रझाकार’ हा धर्माचा किंवा जातीचा वाचक शब्द नाही, त्यामुळे तो यांपैकी कशातच सरळ बसत नाही. कोण, कोणाला, कोठे म्हणाला, त्यावर सारे ठरते.