अर्धसंवाहक लेसर आणि एकात्मिक प्रकाशकी

अर्धसंवाहक स्फटिकातून वीजप्रवाह सोडून थेट लेसर प्रकाश मिळवणारी प्रयुक्ती म्हणजे अर्धसंवाहक लेसर किंवा लेसर डायोड. असा लेसर, प्रकाशाला वाट देणारे तरंगमार्गदर्शक, प्रकाशावर संदेश चढवणारे मॉड्युलेटर आणि तो टिपणारे संवेदक एकाच चिपवर घडवण्याच्या तंत्राला एकात्मिक प्रकाशकी म्हणतात. दोन्ही संशोधने 1960च्या दशकातली. पण त्यांची सांगड बसायला बराच काळ गेला.

लेसर डायोडमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र आले की फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सुटतो आणि तो आणखी तसेच फोटॉन सोडवतो. गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकाचा अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो व वळतो याचे माप) मोठा असल्याने स्फटिकाचे फोडलेले टोकच सुमारे 30 टक्के प्रकाश मागे परतवते; वेगळे आरसे लागत नाहीत. 1962 साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट हॉल यांनी असा पहिला लेसर चालवला. त्याच वर्षी निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल लेसर केला. मात्र हे लेसर द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत आणि क्षणिक स्पंदांपुरतेच चालत.

उपाय 1963 मध्येच कागदावर आला होता. अमेरिकेत हर्बर्ट क्रोमर आणि सोव्हिएत संघात झोरेस अल्फ्योरोव्ह व काझारिनोव्ह यांनी स्वतंत्रपणे दुहेरी विषमसंधी सुचवली: क्रियाशील थराच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या अर्धसंवाहकाचे थर. बाजूच्या ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचा ऊर्जापट्टा (इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला पार करावे लागणारे ऊर्जेचे अंतर) रुंद, म्हणून इलेक्ट्रॉन मधल्या थरात अडकतात. त्याचा अपवर्तनांक कमी, म्हणून प्रकाशही तिथेच राहतो. शिवाय दोन्ही स्फटिकांमधली अणूंच्या मांडणीची जाळी जवळपास जुळते. निसर्गाने संशोधकांना इतकी सवलत क्वचितच दिली असेल. 1970 मध्ये लेनिनग्राडला अल्फ्योरोव्ह यांचा गट आणि बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी सामान्य तापमानाला अखंड चालणारे लेसर दाखवले. क्रोमर व अल्फ्योरोव्ह यांना 2000 सालच्या भौतिकीच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

एकात्मिक प्रकाशकीची, म्हणजे चिपवरच्या प्रकाशीय मंडलाची, कल्पना बेल प्रयोगशाळेतील स्ट्युअर्ट मिलर यांनी 1969 मध्ये मांडली. अडचण अशी, की फोडलेले टोक आरसा म्हणून वापरायचे तर लेसर चिपच्या कडेलाच हवा. 1971 मध्ये कोगेलनिक व शँक यांनी सूक्ष्म जालकाच्या (ठरावीक अंतरावरच्या बारीक रेषांच्या) साहाय्याने प्रकाश परतवण्याची रीत दाखवली, आणि लेसरला चिपच्या मध्यभागी बसणे शक्य झाले. दूरसंचारासाठी इंडियम फॉस्फाइडवरचे 1.3 व 1.55 मायक्रोमीटर तरंगलांबीचे लेसर रूढ झाले, कारण काचतंतूत 1.55च्या आसपास प्रकाशाचा क्षय सर्वांत कमी होतो.

एक शाखा होलशिवायच चालते. 1994 मध्ये बेल प्रयोगशाळेत फेदेरिको कापासो यांच्या गटाने केलेल्या क्वांटम कॅस्केड लेसरमध्ये इलेक्ट्रॉन एकामागून एक ऊर्जापायऱ्या उतरत अवरक्त फोटॉन सोडतो. बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक म्हणून ख्यातनाम असलेले सी. कुमार पटेल पुढे या लेसरच्या विकासाकडे वळले.

सिलिकॉन स्वस्त, पण स्वतः प्रकाश देण्यात जवळजवळ निकामी. त्याचा ऊर्जापट्टा अप्रत्यक्ष आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन व होल एकत्र आले तरी ऊर्जा प्रकाशाऐवजी बहुतेक उष्णतेत जाते. इंडियम फॉस्फाइड त्यावर वाढवावे तर जाळीत सुमारे 8 टक्के तफावत पडते व दोष शिरतात. 2006 मध्ये इंटेल आणि सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन बॉवर्स यांच्या गटाने इंडियम फॉस्फाइडचा थर सिलिकॉनवर चिकटवून विजेवर चालणारा संकरित लेसर केला. डेटा सेंटरमधील जोडण्यांत सिलिकॉन प्रकाशकी आता रुळली आहे. चिपवरचा मार्गदर्शक जेमतेम अर्धा मायक्रोमीटर रुंद, तर तंतूतला प्रकाशझोत सुमारे 10 मायक्रोमीटरचा. या दोहोंची अचूक जुळणी व बांधणी यांवरच आजही मोठा खर्च होतो.